गार हात, गरम पोट: थंडीतल्या बाळाविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

थंडी पडू लागली की दरवर्षी एक संदेश घराघरांतल्या व्हॉट्सॲप गटांमधून फिरू लागतो. यंदा तो मला तीन नातेवाइकांकडून आला आणि त्यांतल्या एकीच्या घरी दीड महिन्याचे बाळ असल्यामुळे त्याला सविस्तर उत्तर देणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: बाळाचे हातपाय गार लागले म्हणजे त्याला थंडी वाजते आहे, शरीरातली ऊब डोक्यावाटे निघून जाते, म्हणून रात्रभर कानटोपी काढू नये, बाळाला दुपट्यात घट्ट बांधून वर जाड गोधडी घालावी, दारेखिडक्या लावून खोलीत शेगडी ठेवावी आणि ओव्याची धुरी द्यावी, छातीला कापूर चोळावा, फारच गारठा असेल तर ब्रँडीचे दोन थेंब चाटवावेत, आणि बाळाला घाम सुटला की ऊब पुरेशी झाली असे समजावे. शेवटी ‘आजीचा अनुभव आहे, डॉक्टर हे सांगणार नाहीत’ अशी पुस्ती जोडलेली आहे.

या संदेशामागची काळजी मात्र खोटी नाही. नवजात बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग बराच मोठा असतो, त्यामुळे ते मोठ्या माणसापेक्षा लवकर निवते. आपल्यासारखे कुडकुडून ऊब निर्माण करणे त्याला जमत नाही. खांद्यांच्या मध्ये आणि मूत्रपिंडांभोवती साठलेली तपकिरी चरबी जाळून ते स्वतःला गरम ठेवते, आणि कमी वजनाच्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाकडे ही शिदोरी फारच थोडी असते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले, तेव्हा बाळाचे तापमान मोजणे आणि त्याला उबदार ठेवणे हा त्या शिक्षणाचा भाग होता. नवजात बाळांचे मृत्यू तिथे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हा ऊब हवीच, यात वाद नाही. वाद आहे तो ती कशी द्यावी आणि कुठे थांबावे, याचा.

आता पहिला मुद्दा, हातपायांचा. पहिल्या काही महिन्यांत बाळाचे रक्ताभिसरण अजून पुरते बसलेले नसते. रक्त आधी मेंदू, हृदय, फुप्फुसे यांच्याकडे जाते आणि तळहात-तळपाय मागे राहतात. त्यामुळे अगदी सुखात झोपलेल्या बाळाचेही तळवे गार, कधी किंचित निळसर असू शकतात. वर उल्लेखिलेल्या नातेवाईक बाईंच्या घरी मी हेच पाहिले. तळवे गार लागले म्हणून आजेसासूबाईंनी बाळाला तिसरा स्वेटर चढवला होता आणि बाळ रडायचे थांबत नव्हते. झबल्याच्या गळ्यातून दोन बोटे मानेमागे सरकवली तर तिथले जावळ ओलसर झालेले आणि पाठ तापलेली होती. दोन स्वेटर उतरवल्यावर थोड्याच वेळात बाळ निजले. म्हणून अंदाज घ्यायचा तो पोटावर, छातीवर किंवा मानेमागे, आणि तोही आपला हात आधी चोळून गरम करून. गार हाताला सगळेच गरम लागते. पोट कोमट आणि कोरडे असेल तर तळव्यांना पायमोजे पुरतात, आणखी कपडा लागत नाही.

डोक्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धे खरे खोडायला नेहमी जास्त वेळ लागतो. बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या पृष्ठभागाचा जवळजवळ पाचवा हिस्सा असते, मोठ्या माणसात तो दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. त्यामुळे डोक्यावाटे बरीच ऊब जाते हे बरोबर आहे. परंतु नेमक्या याच कारणाने झोपेत डोके उघडे हवे. बाळ पांघरूण लाथाडू शकत नाही, कपडा काढू शकत नाही, ‘उकडते’ म्हणू शकत नाही. जास्तीची ऊब बाहेर टाकायला त्याच्याकडे डोके आणि चेहरा एवढीच काय ती मोकळी खिडकी असते. शिवाय झोपेत टोपडे नाकावर घसरू शकते. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचनांमध्ये जन्मानंतरचे पहिले काही तास आणि अतिदक्षता विभागातली बाळे सोडून इतर बाळांना घरात टोपी घालू नये असे म्हटले आहे. कमी वजनाच्या बाळाला डॉक्टरांनी टोपी सांगितली असेल तर ती अर्थातच ठेवावी. आपल्याकडची कुंची ही फार सुंदर वस्तू आहे, पण ती बाळाला घेऊन बाहेर पडतानाची आहे.

दुपट्यात बांधण्याला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही; हलके गुंडाळलेले लहान बाळ शांत होते, हे पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहे. आक्षेप ‘घट्ट’ या शब्दाला आहे. पाय सरळ ताणून आवळले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. बेडकासारखे दुमडून फाकायला पायांना दुपट्यात जागा हवी, आणि बाळ कुशीवर वळण्याची खटपट करू लागले की बांधणे बंदच करावे. जाड गोधडीचे मात्र समर्थन होत नाही. जुन्या लुगड्यांचे चार-सहा थर टाचलेली गोधडी तोंडावर आली तर बाळ ती दूर सारू शकत नाही. आपल्या घरांत आई आणि बाळ बहुधा एकाच अंथरुणावर निजतात, आणि झोपेत आई स्वतःची गोधडी गळ्यापर्यंत ओढते ती बाळाच्या नाकावरून. म्हणून बाळाची लहान, सपाट, बिनउशीची गादी आईच्या हाताच्या अंतरावर वेगळी असावी आणि बाळाला पाठीवरच निजवावे. पाठीवर निजवण्याचा प्रचार ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली सुरू झाल्यावर धडधाकट बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू तिथे निम्म्याहून अधिक कमी झाले. कपड्यांचा हिशेब सोपा आहे: त्या खोलीत आपल्याला जेवढे थर पुरतात त्याहून एक थर जास्त. आत सुती झबले, वर पूर्ण बाह्यांचा स्वेटर, पायमोजे, आणि पातळ पांघरूण घातलेच तर ते काखांच्या खाली, दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचलेले. अंगात घालायची, गळ्याशी नीट बसणारी झोपेची पिशवी (स्लीप सॅक) मिळाली तर पांघरुणाचा प्रश्नच उरत नाही.

संदेशातला सर्वांत घातक भाग शेगडीचा आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची रीत कुठल्या घरातली होती, हे आपण विसरतो. ती कौलारू घरातली होती. कौलांच्या फटींतून, आढ्याखालच्या मोकळ्या जागेतून हवा रात्रभर खेळत असे. आजचा फ्लॅट म्हणजे चारही बाजूंनी लिंपलेली भिंत आणि घट्ट बसणाऱ्या सरकत्या खिडक्या. अशा खोलीत कोळसे विझत आले की धूर दिसेनासा होतो आणि आता धोका टळला असे वाटते, तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मात्र तयार होत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि झोपलेला माणूस जागा न होता बेशुद्ध होतो. उत्तर भारतातून दर हिवाळ्यात अंगीठीने एकाच खोलीत दगावलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात त्या याच कारणाने. धुरीचेही तसेच: ओवा असो, बाळंतशेपा असो की लसणाच्या साली, बाळाच्या फुप्फुसांच्या दृष्टीने तो धूरच. खोली गरम करायचीच असेल तर विजेचा हीटर बाळापासून दूर ठेवून झोपण्यापूर्वी चालवावा आणि निजताना बंद करावा. रबरी गरम पिशवीने अंथरूण आधी गरम करून घेता येते. बाळ ठेवण्यापूर्वी ती काढायची, इतकेच.

कापूर आणि ब्रँडी यांच्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. कापूर बाळाच्या कातडीतून आणि श्वासातून अंगात जातो आणि त्याने झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या मुलाच्या छातीला, नाकाला तो लावायचा नाही. मद्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे वर ऊब वाटते आणि आतली ऊब निघून जाते. बाळाच्या रक्तातली साखर उतरते ती निराळीच.

राहिला घामाचा मुद्दा. घाम ही पुरेशा उबेची खूण नव्हे, ती मर्यादा केव्हाच ओलांडल्याची खूण आहे, आणि अति उष्णतेचा संबंध बाळांच्या झोपेतल्या अचानक मृत्यूंशी आढळलेला आहे. शिवाय घामाने भिजलेले झबले पहाटे बाळाला गारच करते. संदेश लिहिणाऱ्याने गाव विचारलेले नाही, हेही लक्षात घ्यावे: निफाडला पारा एक आकडी होतो त्या रात्री गिरगावात पंखा चालू असू शकतो, आणि दोन्हीकडच्या बाळांना तोच एक मजकूर पोहोचतो.

ज्यांना हाताच्या अंदाजावर विसंबायचे नसेल त्यांनी साधा डिजिटल थर्मामीटर बाळाच्या काखेत धरावा. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, हे ठीक. त्याखाली उतरले आणि पोटही गार लागले तर चौथा स्वेटर शोधत बसू नये. बाळाला लंगोट, टोपडे आणि पायमोज्यांवर आईच्या उघड्या छातीशी उभे धरावे, वरून दोघांना एक शाल लपेटावी, तोंड मोकळे ठेवावे आणि अंगावर पाजावे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली इन्क्यूबेटर अपुरे पडत असताना डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाच्या बाळांसाठी हीच रीत सुरू केली, आणि आज ती आपल्याकडच्या नवजात कक्षांतही ‘कांगारू’ म्हणून ओळखली जाते. आई दमली असेल तर वडिलांची छातीही चालते. मात्र बाळ छातीशी आहे तोवर आपण जागेच राहायचे. ते निजल्यावर आपल्यालाही डुलकी येऊ लागली तर त्याला त्याच्या गादीवर पाठीवर ठेवावे. तासाभरात ऊब परतली नाही, बाळ दूध ओढेनासे झाले किंवा मलूल पडले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे, कारण नवजात बाळात अंग गार पडणे ही पुष्कळदा जंतुसंसर्गाची पहिली खूण असते आणि ताप त्यात येतोच असे नाही.