तिप्पट लावलं तरी खाजण परत येत नाही

नवी मुंबई आणि उरणच्या पाणथळ जागांवरचा वाद अमेरिकेत बसून वाचताना दोन वाक्यं सारखी समोर येतात. ‘जागा कोरडी आहे, पाणथळ कसली?’ आणि ‘तोडलं तेवढं दुसरीकडे लावू.’ ही दोन्ही वाक्यं इथेही बोलली गेली आहेत, आणि त्यांचे परिणाम इथे दिसून चुकले आहेत.

पहिल्याचं उत्तर मातीत असतं. इथे १९८७ च्या लष्करी अभियंत्यांच्या नियमपुस्तिकेनुसार वनस्पती, माती आणि पाणी अशा तिन्ही खुणा तपासतात. साधारण वीस इंच खड्डा खणायचा, ढेकूळ फोडायचं आणि ओल्या मातीचा रंग तक्त्याशी ताडायचा. पाणी साचून प्राणवायू संपला की जिवाणूंमुळे लोह विरघळतं आणि माती राखाडी पडते. मुळांच्या वाटेने जिथे हवा शिरते तिथे गंजासारख्या तांबूस रेघा उमटतात. पाणी अडवल्यावरही हा रंग बरीच वर्षं टिकतो. आपल्याकडे सातबारा आणि उपग्रहचित्रावर भांडण होतं. सोबत एक फावडं न्यावं. माती फक्त पाणी होतं एवढंच सांगते. ते कुणी अडवलं, हे मग बांध आणि मोऱ्या बघून शोधावं लागतं.

खाजणात बहुतेकदा तिथेच पाणी मुरतं. रस्त्याचा भराव पडतो, त्याखाली पाइप टाकतात, पण पाइपाचा तळ खाडीच्या पातळीपेक्षा वर राहतो. मग रोजची भरती आत येतच नाही, उधाणाचं पाणी तेवढं शिरतं. उन्हाळ्यात ते आटून क्षार वाढतात, पावसाळ्यात गोडं पाणी तुंबतं, आणि तिवरं उभ्या उभ्या वाळतात. कुऱ्हाड न लावता.

दुसरं वाक्य जास्त धोक्याचं आहे. सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, २०१९ च्या अधिसूचनेत कांदळवनातून रस्ता नेल्यास तिप्पट क्षेत्रावर लागवडीची अट आहे. ही लागवड बहुधा चिखलाटावर होते, कारण जागा तिथेच मोकळी दिसते. पण ओहोटीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) त्याच चिखलात चरतात. भरतीला चिखल बुडाला की ते जवळच्या उथळ तळ्यांत विसावतात. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ पासून आहे, २०२२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. पण भरतीच्या वेळची रोहितांची बरीच ठिकाणं हद्दीबाहेर आहेत. ती बुजली तर अभयारण्यात पक्षी टिकणार कसे?

अमेरिकेत १९८९ पासून ‘निव्वळ घट नको’, म्हणजे गमावली तेवढी पाणथळ भरून काढा, हे धोरण आहे. २००१ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अहवालाने भरपाईच्या पाणथळींतून ते साधत नसल्याचं म्हटलं. २००८ च्या नियमांनी किमान पाच वर्षांची देखरेख बंधनकारक केली. शिवाय मे २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या सॅकेट निकालाने नदी-तलावांच्या पाण्याशी पृष्ठभागावरून सलग न जोडलेल्या पाणथळी केंद्रीय कायद्याबाहेर काढल्या. असला निकष आपण उचलू नये. आपल्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मिठागरं आणि भातखाचरं आधीच वगळली आहेत.

म्हणून प्रकल्पाच्या मंजुरीत रोपांच्या आकड्याआधी मोरीच्या तळाची पातळी लिहायला लावा, आणि भरतीचं पाणी आत कुठवर पोचतं ते काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, दोन्ही वेळा उधाणाच्या दिवशी मोजा.