तांबडा, पांढरा आणि नसलेला निळा

आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापुरात एखाद्याला चित्रकलेचे वेड लागले, तर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत, मात्र तोच माणूस रंगांच्या ट्यूबा आणण्याऐवजी पिशवीभर दगड घेऊन जिना चढू लागला, की "काय साहेब, बांधकाम काढलंय व्हय?" असे विचारल्यावाचून शेजाऱ्यांना राहवत नाही.

पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा हा तांबडा दगड विपुल आहे, पण किल्ला संरक्षित असल्यामुळे तिथल्या खड्यालाही हात लावायचा नाही. म्हणून घरच्या घरी रंग करण्यासाठी मी परिसरातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे त्याच्या बांधावरचे चार दगड मागितले. "न्या की! पर ट्रॉली घेऊन आला असतासा, तर आमचं रान तरी मोकळं झालं असतं," असे म्हणून त्याने माझ्या कलासाधनेला सढळ हाताने पाठिंबा दिला.

खरी परीक्षा घरी होती. मिक्सरकडे नजर जाताच सौभाग्यवतींनी त्याची वायर काढून कपाटात ठेवली, आणि ज्या भांड्याला ही माती लागेल ते स्वयंपाकघरात परत येणार नाही, असा नियम जाहीर केला. त्यामुळे माझी मालमत्ता झपाट्याने वाढली. लोखंडी खलबत्त्यात जांभा कुटायचा, धूळ छातीत जाऊ नये म्हणून नाकातोंडावर मास्क बांधायचा, भुकटी मलमलीतून गाळून पाण्यात ढवळायची, आणि जड वाळू तळाशी बसली न बसली तोच वरचे गढूळ तांबडे पाणी अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतायचे; तेथून तिसऱ्या, तेथून चौथ्या. शेवटच्या पातेल्यात रात्रभर निवळल्यावर तळाशी सायीसारखा मऊ थर उरतो, आणि तो बोटाच्या रेषांत असा काही भरतो की दोन दिवस आधार कार्डाचे यंत्र मला ओळखत नाही. पाटीभर दगडांतून निघणारा हा रंग वाळल्यावर एका वाटीत मावतो, याची घरात कोणीही मुद्दाम आठवण करून देण्याची गरज नव्हती. तरी सगळ्यांनी ती करून दिली.

पिवळ्या मातीचा प्रकार अधिक नाट्यमय होता. तिच्यातल्या लोहाच्या खनिजात पाणी बांधलेले असते. भरपूर तापवल्यावर ते निघून जाते आणि पिवळ्याचा तांबडा होतो. हा चमत्कार मी आईला गच्चीवर, एका निवृत्त तव्यावर करून दाखवला. तिने तो शेवटपर्यंत शांतपणे पाहिला आणि म्हणाली, "एवढा गॅस जाळून शेवटी कावच करायची होती व्हय रे? ती दुकानात मिळत्या की. तुळशीच्या कट्ट्याला दरवर्षी कोण लावतंय?" रसायनशास्त्राचा इतका निर्दय सारांश मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेला नाही.

पांढऱ्यासाठी चुना होता, काळ्यासाठी दिव्याची काजळी, आणि हे सारे कागदाला धरून राहावे म्हणून लाडवांसाठी आणलेला डिंक, जो मी पाण्यात भिजवून, वाळल्यावर रंगाला भेगा पडू नयेत म्हणून थेंबभर मध घालून, काचेवर घोटत बसलो. आता कोल्हापुरात तांबडा आणि पांढरा तयार झाल्यावर माणसाला आणखी काय हवे असते? पण मुलीने चित्रासाठी आभाळ काढले होते आणि तिला निळा हवा होता.

मी तिला समजावले की आपल्या सह्याद्रीतल्या मातीला निळा ठाऊक नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि काजळी यांवर बरेचसे भागवले, मात्र निळ्यासाठी लागणारा लाजवर्द हा दगड बदक्षानहून, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातून यायचा.

तिने सगळे लक्षपूर्वक ऐकले. "मग बाबा, तुम्ही बदक्षानला कधी जाणार?"

"कधी का जाईनात," आतून आवाज आला, "जाताना ती सगळी पातेली घेऊन जावा म्हणावं."