घरबसल्या हयात

आमचे मामा दरवर्षी नोव्हेंबरात जिवंत असतात. तसे ते बाराही महिने असतात, आणि चांगले खणखणीत असतात. पण सरकारदरबारी त्याची नोंद नोव्हेंबरात होते. पेन्शनरांनी या महिन्यात हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो नाही दिला तर पेन्शन थांबते, आणि पेन्शन थांबलेल्या माणसाला घरचेही जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागतात.

पूर्वी हे काम बँकेत व्हायचं. टेबलावर यादी, यादीत नाव, नावापुढे सही. मामांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे बँकेतला निम्मा स्टाफ त्यांच्या हातचा मार खाल्लेला. त्या दिवशी तालुक्यातले सगळे निवृत्त मास्तर जमायचे, समोरच्या टपरीवर चहा व्हायचा आणि यंदा कोण कोण आलं नाही याची हजेरी घेतली जायची. गैरहजेरीचं कारण मात्र कुणी विचारत नसे.

दहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं मामांची नजर पूर्ण गेली. वर्षभर ते गप्प गप्प होते. मग कुणीतरी त्यांच्या फोनमध्ये टॉकबॅक सुरू करून दिला, आणि घरात एक बाई राहायला आली. पडद्यावर बोट फिरवलं की खाली जे काही असेल ते ही बाई वाचून दाखवते. मामांनी तिचा वेग इतका वाढवलाय की ती बोलते आहे की कढईत मोहरी तडतडते आहे ते आपल्याला कळत नाही. मामांना कळतं. पेपर, बातम्या, कोर्टाचे निकाल, नातवाचे मार्क, सगळं ते तिच्याकडूनच ऐकतात. मामींचं तिच्याशी पटत नाही. "चाळीस वर्षं मी बोलतेय ते ऐकू आलं नाही, आणि हिचं बरं भराभर ऐकू येतं," असं त्या म्हणतात.

तर यंदा ऑक्टोबरअखेर बाईनं मेसेज वाचला. आता हयातीचा दाखला घरबसल्या, मोबाईलवर, फक्त चेहरा दाखवून. मामांनी मला बोलावून घेतलं. मी एका दुकानाचे हिशेब एक्सेलमध्ये ठेवतो, एवढ्या भांडवलावर आमच्या नातेवाइकांत मी कॉम्प्युटरवाला समजला जातो.

"तू नुसता बसून राहा," मामा म्हणाले. "करणार मीच."

आणि खरं सांगायचं तर त्यांनी केलंही असतं. अडलं ते ॲपचं. मामांनी उजवीकडे बोट सरकवलं. बाई म्हणाली, "अनलेबल्ड, बटन." आणखी सरकवलं. "अनलेबल्ड, बटन." पुन्हा तेच. बटन आहे, पण त्याला नाव नाही. डोळसाला तिथं घराचं, माणसाचं, बाणाचं चित्र दिसतं. पण ते चित्र कशाचं आहे हे करणाऱ्यानं आत लिहूनच ठेवलेलं नाही, तर बाई बिचारी वाचणार काय?

"उत्तरपत्रिकेवर नाव नसलं तर आम्ही तपासायचोच नाही," मामा म्हणाले.

मी भाषा बदलून पाहिली. मराठी निवडल्यावर वरचा मथळा मराठी झाला, खालचं सगळं इंग्रजीच राहिलं. घराला रंग देताना दर्शनी भिंतीशीच पैसे संपावेत तसं. शेवटी बटनं मी सांगायची आणि मामांनी दाबायची असं ठरलं. म्हणजे 'नुसता बसून राहा' हे कलम पाचव्या मिनिटाला रद्द झालं.

आधी संकेतस्थळावर नोंदणी करायची होती, आणि तिथं कॅप्चा. वेडीवाकडी अक्षरं, त्यांच्यावरून गेलेल्या रेघा, मागं माशा बसल्यासारखे ठिपके. आपण यंत्र नसून माणूस आहोत हे त्यातून सिद्ध करायचं. ऐकून टाईप करायची सोय काही ठिकाणी असते, इथं नव्हती. म्हटलं, मी बघतो. चष्मा पुसला, फोन लांब धरला, जवळ धरला. तो शून्य आहे की इंग्रजी ओ, एक आहे की एल, काही ठरेना. तीनदा चुकलो.

"तुला दिसतं ना रे?" मामांनी अगदी साध्या आवाजात विचारलं.

चौथ्यांदा जमलं. मग ओटीपी. ओटीपी आला, पण तो बाईनं वाचायचा तर मेसेजमध्ये जावं लागतं, आणि मेसेजमध्ये गेलं की मागचं पान पहिल्यापासून सुरू होतं. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा मामांनी सूचनेतूनच सहा आकडे एकदा ऐकले आणि धडाधड टाकले. लक्षात कसे राहिले विचारलं तर म्हणाले, "पहिले तीन आकडे म्हणजे सतराचा वर्ग. दोनशे एकोणनव्वद." आता ही सोय प्रत्येक नागरिकाला असेलच असं नाही.

चेहऱ्याआधी बोटांचाही प्रयत्न करून झाला होता. कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रातल्या पोरानं मशीन घरी आणलं, मामांची दहाही बोटं लावून पाहिली. एकही उठलं नाही. चौतीस वर्षांत खडूनं बोटं खाल्ली, असं मामींचं निदान; पोराचं म्हणणं, वयानंच पुसटतात. शेजारचे गवंडीकाम करणारे काका म्हणाले, त्यांची सिमेंटनं खाल्लीत. रेशनच्या पॉस मशीनवर दर महिन्याला बोट आधी डोक्यावरच्या तेलात घासून मग ठेवावं लागतं. ज्यानं आयुष्यभर हातानं काम केलं त्याचंच बोट मशीनला पटत नाही, ही मोठी नाजूक आवड आहे मशीनची.

आता चेहरा. पडद्यावर एक अंडाकृती चौकट येते, तिच्यात चेहरा बसवायचा. बसला की रंग बदलतो, मग पापण्या लवायच्या, म्हणजे समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे कळतं. यातली एकही गोष्ट ॲप तोंडानं सांगत नाही. मी फोन धरला.

"थोडं डावीकडे."

"तुझ्या की माझ्या?"

"तुमच्या. नाही, माझ्या. मामा, हलू नका, मीच हलतो."

उजेड कमी पडतोय म्हणून मामी टॉर्च घेऊन आल्या. गवंडीकाका पांढरी चादर धरून मागं उभे राहिले, कारण भिंतीवरच्या कॅलेंडरातले दत्तगुरू चौकटीत येत होते आणि ॲपला कुठला चेहरा घ्यावा कळत नव्हतं. पहिल्यांदा मामांनी पापण्या आधीच लवल्या. दुसऱ्यांदा उशिरा. तिसऱ्यांदा रंग बदलल्याबरोबर मामी "आता! मिचकावा!" अशा ओरडल्या की खिडकीतून कुणीतरी विचारलं, "काय चाललंय हो?" मामा दचकले आणि त्यांनी दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले. फोन थरथरला, आणि बाई तिच्या नेहमीच्या मोहरीच्या वेगात म्हणाली, "लाइव्हनेस फेल्ड."

खोलीत शांतता पसरली.

"म्हणजे काय गं?" मामींनी बाईलाच विचारलं. दोघींचं हे पहिलं संभाषण.

"जिवंतपणात नापास," मामांनी भाषांतर केलं. "शेकडो पोरांना नापास केलं, पण प्रत्येकाला कशात ते सांगितलं होतं. अक्षर खराब, पायऱ्या लिहिल्या नाहीत, उत्तराला एकक नाही. याच्यात मी सुधारणा काय करायची?"

मग पाणी पिऊन मामांनी आमचा तास घेतला. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं नेमक्या या पापण्यांवरच निकाल दिलाय. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या काही जणींना पापण्या लवताच येत नव्हत्या, म्हणून त्यांचं केवायसी अडलं. प्रज्ञा प्रसून न्यायालयात गेल्या. अमर जैन या दृष्टिहीन वकिलांचीही याचिका होती. न्यायालयानं वीस निर्देश दिले आणि म्हटलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो निकाल मामांनी बाईकडून पूर्ण ऐकलाय, दोनदा.

"म्हणजे बघ," मामा म्हणाले, "न्यायालय म्हणतं, हे वापरता येणं म्हणजेच जगण्याचा हक्क. आणि हे म्हणतंय, मी जगतच नाही. वरिष्ठ कोण?"

पुढे ते बरंच बोलले. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याचे केंद्राचे नियम २००९ पासून आहेत, चित्राला शब्दांत पर्याय द्या हे त्यांत आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. त्यात ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. "पण अधिकाऱ्यानं माझं काम अडवलेलंच नाही. बटनानं अडवलंय. त्याला दंड कुणी करायचा?"

मला वाटतं, गोम फितीत आहे. कार्यालयाच्या पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधला की फीत लावता येते, ती कापता येते, कापतानाचा फोटो छापून येतो. बटनाला 'पुढे' असं नाव देणं हे एका ओळीचं काम. त्याला सिमेंट लागत नाही, टेंडर निघत नाही, आणि फीत नेमकी कुठं बांधायची हेही ठरत नाही. (रॅम्पही इतका उभा असतो की त्यावरून खुर्ची ढकलायला दोन पैलवान लागावेत, पण तो वेगळा लेख.)

तक्रार करायचं ठरलं. तक्रारीच्या पानावर पुन्हा कॅप्चा होता. तो माझ्या हातानं पार पडल्यावर मामांनी तोंडी सांगितलेलं पत्र मी जोडायला गेलो, तर फाईल किमान ७५ केबीची हवी. मामांचं पत्र मुद्देसूद, म्हणून ४१ केबीतच संपलेलं. एरवी फाईल मोठी म्हणून नाकारतात. माणूस थोडक्यात बोलला म्हणून नाकारलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. शेवटी पत्राखाली दत्तगुरूंच्या कॅलेंडराचा फोटो टाकला आणि वजन भरलं. तक्रार नोंदली गेल्याची पोच आली ती स्कॅन केलेलं चित्र म्हणून. बाईनं ती उघडली आणि सांगितलं की पानावर काहीही नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आम्ही रिक्षानं बँकेत गेलो. टेबलामागच्या बाईंनी मान वर केली आणि उभ्याच राहिल्या.

"सर! या, या. कसे आहात?"

"हयात आहे," मामा म्हणाले.

"दिसतंच आहे की." त्यांनी यादी काढली. मामांनी खिशातून पुठ्ठ्याची पट्टी काढली. तिला मधोमध खाच आहे, ती कागदावर ठेवली की सही ओळीत बसते. सात वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच कापलीय. सही झाली. "झालं सर," असं त्या म्हणाल्या तेव्हा मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं, आणि त्यातली तीन त्यांच्या मुलाच्या गणिताच्या क्लासबद्दल.

टपरीवर तिघे मास्तर होतेच. दोघांना घरबसल्या जमलं होतं. एकाचा नातू चांगला होता, दुसऱ्याचा फोन. जमलं तरी ते आले होते, चहाला. हजेरी झाली. यंदा दोन कमी.

परतताना रिक्षात मामांचा फोन वाजला. ॲपकडून विचारणा होती: आमच्या सेवेचा अनुभव कसा वाटला? मामांनी उघडलं आणि उजवीकडे बोट सरकवलं.

"अनलेबल्ड, बटन. अनलेबल्ड, बटन. अनलेबल्ड, बटन. अनलेबल्ड, बटन. अनलेबल्ड, बटन."

"तारे आहेत मामा," मी म्हटलं. "पाचपैकी किती द्यायचे?"

मामांनी थोडा विचार केला आणि मधल्या कुठल्यातरी बटनावर दोनदा टिचकी मारली.

"कितवं दाबलंत?"

"दुसरं असावं," मामा म्हणाले. "पस्तीसच्या जरा वर. काठावर सोडलाय त्याला."