येताना काटवट घेऊन ये

1567 सालच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या नॉरिच शहरातून क्लाइस व्हान वेर्वेकेन नावाच्या माणसानं बायकोला पत्र लिहिलं. ती होती ईपरला, म्हणजे आजच्या बेल्जियममध्ये. इथली माणसं किती प्रेमळ आहेत यावर तुझा विश्वास बसायचा नाही, इंग्रजसुद्धा आपल्या लोकांशी मायेनं वागतात, पैसे पाठव, तिन्ही मुलांना पाठव, तूही लगेच निघ, काळजी करू नकोस, असं तो लिहितो. मग सामान सांगतो. पीठ मळायची काटवट आण, इथं मिळत नाही. लोण्याचे गोळे पाडायला लाकडाची दोन छोटी भांडी विकत घे, कारण इथं सगळं डुकराच्या चरबीवर चालतं, आपली माणसं लोणी घरीच करतात.

मी सोलापूरची. गेली अकरा वर्षं याच नॉरिचमध्ये राहते, इथल्या एका प्रयोगशाळेत काम करते. हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी पहिली बॅग आठवली. वजनाच्या काट्यावर ती दोन किलो जास्त भरली होती आणि आईनं पुस्तकं बाहेर काढली, तवा आणि परात ठेवली.

पत्राची आठवण आत्ता निघाली ती आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे. पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासन निर्णय एप्रिल 2025 मध्ये निघाला आणि जूनअखेर मागं घेतला गेला. त्याच सुमारास मीरा रोडला मराठी न बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर दोन तट आहेत. मावसभाऊ म्हणतो, बाहेरून आलेल्यांनी आमच्या पोरांचं काम खाल्लं, आता दणका दिल्याशिवाय ऐकणार नाहीत. पुण्यातली आतेबहीण म्हणते, तुमची पोरं काम करत नाहीत म्हणून ते येतात, उगाच भाषेचं निमित्त करू नका. मध्येच कुणीतरी मला विचारतं, तू तर तिकडे परकीच आहेस, तू सांग.

तर सांगते, आणि नॉरिचवरूनच सांगते. या शहरात हे भांडण साडेचारशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय, आणि त्याचे कागद शिल्लक आहेत.

नॉरिच हे लोकरीच्या कापडाचं गाव. वर्स्टेड म्हणून जे गुळगुळीत लोकरी कापड जगभर माहीत आहे, त्याचं नाव इथून जवळच्याच एका खेड्यावरून पडलं. 1560 च्या सुमारास मात्र तो धंदा बसला होता. जुन्या कापडाला गिऱ्हाईक नव्हतं, विणकर रिकामे होते. त्याच वेळी समुद्रापलीकडे, वेर्वेकेनच्या मुलखात, म्हणजे स्पेनच्या राजाच्या अमलाखाली, प्रॉटेस्टंट लोकांचा छळ चालला होता आणि तिथले विणकर जीव मुठीत धरून पळत होते. नवं, हलकं, रंगीत कापड विणायची विद्या त्यांच्या हातात होती. नॉरिचचा महापौर टॉमस सॉदर्टन यानं नॉर्फोकच्या ड्यूकमार्फत राणी एलिझाबेथकडून परवाना मिळवला. 1565 मध्ये 30 कारागीर कुटुंबांना इथं राहायची मुभा मिळाली, 24 डच बोलणारी आणि 6 वलून म्हणजे फ्रेंच बोलणारी, नोकरमाणसं धरून 300 च्या आत.

गावाला हे पटलं नव्हतं. नगरसभेतल्या सामान्य सभासदांनी करारावर शहराचा शिक्का मारायला नकार दिला, तेव्हा सॉदर्टननं महापौरपदाचा स्वतःचा शिक्का मारून काम पुढं नेलं. दोनच वर्षांत आलेला महापौर टॉमस व्हॉल उघड म्हणू लागला की हे लोक इंग्रजांच्या तोंडचा घास काढून घेतायत. माझ्या मावसभावाचंच वाक्य, फक्त तारीख 1567. आणि 1570 मध्ये तर जॉन थ्रॉगमॉर्टन आणि त्याच्या साथीदारांनी कट रचला की जत्रेत ताशे-कर्णे वाजवून माणसं गोळा करायची आणि परक्यांना हाकलून द्यायचं. त्या कटामागं दरबारातलं राजकारणही होतं. कट फुटला, तिघांना देहदंड झाला.

या परक्यांना इथं ‘स्ट्रेंजर्स’च म्हणत. सरकारी कागदांतही तेच. सॉदर्टनचं घर आज ‘स्ट्रेंजर्स हॉल’ या नावाचं म्यूझियम आहे.

नॉरिचनं त्यांना आत घेतलं ते अटी लिहून. कोणतं कापड विणायचं, ते कुठं विकायचं, घाऊक की किरकोळ, सगळं कागदावर. त्यांच्यातून बारा जण निवडलेले, आठ डच आणि चार वलून, आणि आपापल्या माणसांबद्दल त्यांनी नगरपालिकेला जबाब द्यायचा. स्वतःच्या गरिबांना त्यांच्या चर्चनं पोसायचं. प्रत्येक कापड तपासनिसापुढं जायचं, उतरलं तर त्याच्या काठावर शिशाचा शिक्का बसायचा. नॉर्फोकच्या शेतांतून असे शिक्के अजून सापडतात. एक मी हातात घेऊन पाहिलाय, आठ आण्याच्या नाण्याएवढा. दोन चकत्या आणि त्यांना जोडणारी पट्टी. पट्टी कापडाच्या काठावरून दुमडून चकत्या दोन्ही बाजूंनी एकमेकींवर दाबल्या की माल पास. शिसं इतकं मऊ, की वाटलं नखानं ओरखडा उमटेल.

सगळ्या अटी चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही. रात्रीची घंटा झाली की परक्यांनी रस्त्यावर फिरायचं नाही, हा नियम अपमानाचाच. पण विणकराला आपलं देणं काय आणि घेणं काय हे ठाऊक होतं, आणि गावालाही. 1579 पर्यंत त्यांची संख्या 6,000 च्या घरात गेली, म्हणजे शहरातला साधारण दर तिसरा माणूस परका. आणि धंदा वाढला. 1578 मध्ये राणी शहरात आली तेव्हा तिच्यापुढं जो देखावा उभा केला त्यात छोट्या मुली मंचावर बसून सूत कातत होत्या, मोजे विणत होत्या. गावाला राणीपुढं मिरवायचं होतं ते हेच काम. शंभर वर्षांनी नॉरिच हे लंडनखालोखालचं शहर झालं होतं.

भाषेचंही सांगते, कारण आपलं भांडण तिथून सुरू होतं. नॉरिचमधला पहिला छापखाना अँथनी द सोलेम्प्ने या परक्यानं काढला आणि त्यात डच पुस्तकं छापली. शहरानं त्याला नागरिकत्व दिलं. डच लोकांच्या प्रार्थनेला ब्लॅकफ्रायर्स हॉल दिला, तो आजही भर गावात उभा आहे. पुढच्या पिढ्या इंग्रजी बोलू लागल्या, नावं इंग्रजी वळणाची झाली. त्यासाठी कुणाच्या कानाखाली मारावी लागली नाही.

इथं मला थांबायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की नॉरिच म्हणजे संतांचं गाव. 2004 मध्ये इथं मॉलचं बांधकाम चालू असताना एका जुन्या विहिरीत 17 माणसांची हाडं सापडली, त्यांतली 11 मुलं. 2022 मध्ये डीएनए तपासणी होऊन कळलं की ती ज्यूंची असावीत, बहुधा 1190 च्या फेब्रुवारीत गावातल्या ज्यूंची कत्तल झाली त्या वेळची. त्यात तीन सख्ख्या बहिणी होत्या. ज्यूंनी एका ख्रिस्ती मुलाचा बळी दिला ही थाप त्याआधी पन्नासेक वर्षं याच गावात पसरली होती. त्या मॉलमध्ये मी दर आठवड्याला दूध-ब्रेड घ्यायला जाते. तेच गाव, त्याच गल्ल्या. जमाव करून विहिरीत माणसं टाकणारं गावही हेच आणि विणकरांशी करार करणारं गावही हेच.

म्हणून आतेबहिणीचं म्हणणंही मला पुरतं पटत नाही. ‘तुमची पोरं काम करत नाहीत’ म्हटलं की विषय मिटतो, आणि ज्याचं काम खरंच गेलं तो एकटा पडतो. व्हॉलचा संताप उगाच नव्हता. 1570 मध्येच नॉरिचनं आपल्या इंग्रज गरिबांची घरोघर मोजणी केली. सुमारे 2,300 माणसं, प्रत्येकाचं नाव, वय, धंदा, गावात किती वर्षं, काय मदत मिळते. कितीतरी बायका सूत कातून पोट भरत होत्या. परके येत असतानाच गावानं आपल्या घरातली उपासमार वहीत उतरवली आणि तिच्यासाठी कर बसवला. हे दुसरं काम केलं नसतं तर पहिल्याला विरोध वाढतच गेला असता, असं मला वाटतं.

आपल्याकडे यातलं काय होतं? उद्योगांत 80 टक्के स्थानिक माणसं घ्यायची ही अट महाराष्ट्र सरकारच्या कागदावर कित्येक वर्षांपासून आहे. दर निवडणुकीत ती नव्यानं ऐकू येते. कारखान्याच्या फाटकावर जाऊन ती तपासतो कोण, याबद्दल आमच्या ग्रुपवर एकानंही कधी एक ओळ लिहिलेली नाही. शिसं नाही, शिक्का नाही, तपासनीस नाही. मग राग काढायला सापडतो तो पाणीपुरीवाला, नाहीतर सुरक्षारक्षक, कारण तो समोर उभा असतो. ज्यानं त्याला चार हजार कमी पगारावर ठेवलं तो समोर येत नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्यानं मराठी शिकावी ही मागणी मला शंभर टक्के मान्य आहे, मी त्याच बाजूची आहे. पण मागणी करणाऱ्यांनी संध्याकाळचे मराठीचे वर्ग किती वॉर्डांत काढले तेही विचारा. मला इथं कायमचं राहायचं होतं तेव्हा इंग्रजी येतं हे सिद्ध करावं लागलं, शिवाय 24 प्रश्नांची परीक्षा, त्यांतले 18 बरोबर हवेत. कठीण वाटलं, खर्चही झाला. तरी मला राग आला नाही, कारण अट आधी सांगितली होती, सगळ्यांना सारखी होती आणि अभ्यासाचं पुस्तक दुकानात मिळत होतं.

आता तेही डळमळतंय. 2025 च्या उन्हाळ्यात इंग्लंडभर आश्रय मागायला आलेल्यांना ठेवलेल्या हॉटेलांपुढं निदर्शनं झाली, खांबाखांबावर झेंडे लागले. कायमच्या वास्तव्यासाठी पाच वर्षांऐवजी दहा वर्षं थांबायला लावायचा सरकारचा प्रस्ताव आला. माझ्याबरोबर काम करणारी केरळची मुलगी चार वर्षं हिशेब करत होती, तिच्या चेहऱ्यावरचं मी पाहिलंय. मधेच अट बदलली की काय होतं ते मावसभावानं एकदा तिच्याशी बोलून पाहावं.

आणि सोलापूरच्या माणसानं हे सगळं नॉरिचमधून ऐकायची गरज तरी काय? आमच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. घरात तेलुगू, बाजारात मराठी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा सगळं गाव रस्त्यावर असतं. सोलापुरी चादर म्हणून जिला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती या हातांनी विणलीय. आमच्या भिंतीला भिंत लावून एक अम्मा राहायच्या. पहाटे त्यांचा माग सुरू झाला की आमच्या मांडणीवरचे पेले हलायचे, आणि तो बंद पडला की आजी उठून विचारायला जायची, काय झालं, आजारी आहात का? अम्मांचं मराठी शेवटपर्यंत मोडकंच राहिलं. त्यांच्या नातीनं दहावीला मराठीत माझ्यापेक्षा जास्त मार्क पाडले.

मावसभाऊ ज्या चादरीवर लोळत मला मेसेज टाकतो ती चादर कुणाच्या मागावरची, हे त्याला माहीत आहे. लहानपणी तोही त्या मागाखाली बसून तुटके दोरे गोळा करायचा.

वेर्वेकेनची बायको आली की नाही, तिनं काटवट आणली की नाही, हे रोज भाकरी थापताना माझ्या मनात येतं. माझी परात अजून तीच आहे. काठाला एक पोचा पडलाय, विमानातून येताना पडलेला.