नॅफिथ्रोमायसिन: खरं काय, वाढवून सांगितलेलं काय

‘कुठल्याही सुपरबगला तीन दिवसांत संपवणारं भारतीय औषध आलं’ असा संदेश सध्या फिरतोय. सुपरबग म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जिवाणू. त्यातलं औषध खरं आहे, दावा मात्र चुकीचा.

औषधाचं नाव नॅफिथ्रोमायसिन, हे एक अँटिबायोटिक. वोक्हार्ट या आपल्या मुंबईच्या कंपनीने बायरॅक या सरकारी संस्थेच्या मदतीने ते विकसित केलं. नोव्हेंबर 2024 मध्ये ते जाहीर झालं. त्यामागे सुमारे 14 वर्षांचं काम आहे, त्याचा अभिमान वाटायलाच हवा. जिवाणूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे रायबोसोमला, ते दोन जागी पकडतं. त्यामुळे एका जागी बदल करून अ‍ॅझिथ्रोमायसिनला दाद न देणारे न्यूमोकोकस हे न्यूमोनियाचे जिवाणूही त्याच्या तावडीत सापडतात.

पण हे औषध प्रौढांना रुग्णालयाबाहेर होणाऱ्या जिवाणूजन्य न्यूमोनियासाठी आहे. तीन दिवस, रोज एक मात्रा, हे त्या आजारापुरतंच. आयसीयूत जीव घेणारे क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जिवाणूंवर ते चालत नाही. आयसीयूत नातेवाईक असलेल्यांना असा संदेश पाठवणं म्हणजे खोटी आशा देणं, आणि याचंच मला सर्वांत वाईट वाटतं. फ्लू, डेंग्यू तर विषाणूंचे आजार. तिथे कुठलंच अँटिबायोटिक लागू पडत नाही.