झाडू उचलण्याआधी मुलांना कोळी दाखवा
मुलांच्या मनातली कोळ्याची भीती घरच्या घरीच घालवता येते, हे एका लेखात वाचलं आणि अगदी पटलं. थोडी भर घालते. सुरुवात चित्रांपासून नको, भिंतीवरच्या उड्या मारणाऱ्या छोट्या कोळ्यापासून करा. तो जाळं लावून भक्ष्याची वाट बघत बसत नाही. दबा धरून माशीवर झेप घेतो आणि झेपेआधी मागे एक धागा चिकटवून ठेवतो, म्हणजे नेम चुकला तरी त्या धाग्याला लोंबकळतो. बोट हळूच जवळ नेलं की गर्रकन वळून समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनी रोखून बघतो. मुलं हरखून जातात! पाय मोजायला लावा: कोळ्याचे ८, मुंगीचे ६. कोळी कीटक नाही, हे पाठ न करता कळतं.

मोरीत, माळ्यावर दिसणारा तो मोठा चपटा कोळी झुरळं खातो. त्याची मादी अंड्यांची चपटी थैली पोटाखाली धरून फिरते. तिला कृपा करून मारू नका. हात मात्र कुठल्याच कोळ्याला लावू द्यायचा नाही. बाहेर सोडायचा असेल तर मोठ्यांनी वर पेला पालथा घालून खालून जाड कागद सरकवावा.