कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरात दाब नीट बनतो का, ते तपासायला पाचशे रुपये लागतात, फक्त पाचशे!

बत्तीस हजार शंभर रुपये. एवढे पैसे मी माझ्या 2003 च्या एस्टीमवर 'पॉवर वाढवायला' घातले आणि गाडी खंबाटकीच्या घाटात आधीपेक्षा जास्त रडायला लागली. इतका संताप झालाय की लिहून टाकल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

गाडी बाबांची. 1.3 लिटरचं 16 व्हॉल्व्हचं इंजिन, 85 बीएचपी ताकद, आणि वजन नऊशे किलोच्या आत. ज्यांनी ही गाडी नवी असताना चालवली आहे त्यांना ती कशी पळायची हे सांगायला नको. पुण्याहून कऱ्हाडला निघालो की चार माणसं, भरलेली डिकी, चालू एसी, आणि तरीही घाट तिसऱ्या गिअरमध्ये. गेली दोन वर्षं त्याच घाटात दुसरा टाकून, एसी बंद करून चढावं लागत होतं. मागून ट्रकवाला हॉर्न मारतोय आणि मागच्या सीटवर आई पदराने वारा घेत गप्प बसली आहे. ते गप्प बसणं मला सहन होत नव्हतं.

नवी गाडी आत्ता परवडत नाही. घराचा हप्ता आहे, मुलीची फी आहे. ही गाडी ठेवायची तर तिचा खर्चही काही कमी नाही. 2022 च्या एप्रिलपर्यंत पंधरा वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन नव्याने करायला सहाशे रुपये लागायचे, 2023 ला मी पाच हजार भरले. वर ग्रीन टॅक्स. तरी भरले, कारण गाडी बाबांची आहे आणि बॉडीला कुठे गंज नाही. म्हटलं, तीस हजारांत इंजिनला जरा दम आणता येतो का बघू.

गेलो एका ट्यूनिंगच्या दुकानात. त्या माणसाने बोनेट उघडायच्या आधी उपाय सांगितला. आधी! "सर, कोन फिल्टर, हेडर आणि फ्री फ्लो करून घ्या, पंधरा-वीस बीएचपी सहज वाढतील." म्हणजे हवेचा उघडा फिल्टर आणि इंजिनचा धूर बाहेर सोडणारे जाड पाइप. गाडी किती किलोमीटर झाली विचारलं नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला विचारलं नाही. घाटात नेमकं काय होतं, कोणत्या गिअरमध्ये होतं, काही नाही. आणि मी हो म्हणालो, कारण समोरचा माणूस रोज वीस गाड्या बघतो, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल असं आपण धरून चालतो. डॉक्टरकडे गेल्यावर धरतो तसंच.

काय काय बसवलं ते ऐका. साडेचार हजारांचा कोन फिल्टर. कंपनीचा फिल्टरचा डबा फेंडरच्या बाजूने गार हवा ओढतो. तो काढून टाकला आणि हा उघडा शंकू बसवला थेट इंजिनच्या बाजूला, जिथे हवा रेडिएटर आणि एक्झॉस्टने तापलेली असते. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात ऑक्सिजन कमी, म्हणजे तेवढ्याच श्वासात जळणारं पेट्रोलही कमी. घाटात, कमी वेगात, बोनेटखाली भट्टी झालेली असताना हा फिल्टर गरम हवाच पाजत होता. साडेचार हजार रुपये घेऊन!

मग एकोणीस हजारांचा हेडर आणि जाड पाइप. जाड पाइपाचा फायदा इंजिन वरच्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला जास्त फेऱ्यांनी, फिरत असेल तर. मी घाटात चालतो अडीच हजारांवर. तिथे जाड पाइपात वायूचा वेग पडतो, सिलिंडर नीट रिकामा होत नाही, आणि कमी फेऱ्यांवरचा टॉर्क, म्हणजे ओढ, उलट कमी होतो. आवाज मात्र दुप्पट. आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं, आणि हा सगळा धंदा त्या वाटण्यावर चाललेला आहे. मी घड्याळ लावून बघितलं. सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये 40 ते 80 जायला आधी साडेअकरा सेकंद लागत होते. सगळं बसवल्यावर पावणेबारा!

इरिडियमचे चार स्पार्क प्लग, छत्तीसशे. ते टिकतात जास्त, हे खरं. पण मूळच्या प्लगमध्ये बिघाड नसेल तर त्यांनी ताकद वाढत नाही. मजुरी पाच हजार. परत गेलो तर म्हणे आता ईसीयूचं, म्हणजे इंजिनला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणाऱ्या कॉम्प्युटरचं, काम करू, अजून पंधरा हजार, आणि तोवर 100 ऑक्टेनचं पेट्रोल टाका. अहो, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे लवकर न ठोकणारं, ठिणगीआधी आपणहून न पेटणारं पेट्रोल. माझं इंजिन ठोकतच नाही तर लिटरला दीडशेच्या वर मी कशासाठी मोजू?

आणि गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था ज्या शहरात आहे, देशभरातल्या गाड्या जिथे तपासून पास होतात, तिथे एका साध्या गिऱ्हाइकाच्या गाडीला गेज लावायला दुकानदाराला वेळ नाही.

शेवटी नाना पेठेच्या एका बोळात एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी गाडीचा आवाज ऐकला आणि एवढंच म्हणाले, "आधी कॉम्प्रेशन बघू. बाकीचं नंतर." प्लग काढले, गेज लावला. पहिल्या सिलिंडरचा दाब 175, दुसरा 170, चौथा 175. तिसरा 130. मग तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून परत बघितलं. ऑइलने आकडा वाढला असता तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असं समजायचं. वाढला नाही. म्हणजे व्हॉल्व्ह गळतोय. वीस मिनिटांचं काम, पाचशे रुपये. चारातलं एक सिलिंडर धड काम करत नव्हतं आणि मी त्याच्यावर एकोणीस हजारांचा पाइप लावून बसलो होतो!

पुढचं ऐकून तर माझं डोकंच फिरलं. टायमिंग कव्हर काढलं तर व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा बेल्ट एक दात सरकवून बसवलेला. कुणीतरी बेल्ट बदलताना खुणा जुळवल्याच नव्हत्या. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह, जागेवर नाही. हाउसिंग रिकामं!

मी घरी येऊन बाबांची डायरी काढली. बाबा प्रत्येक टाकीला किलोमीटर आणि लिटर लिहायचे, ती डायरी अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. 2011 च्या मे महिन्यात त्यांच्या अक्षरात आहे: 'गाडी गरम झाली. मेकॅनिकने व्हॉल्व्ह काढून टाकला. म्हणाला आपल्या हवेत लागत नाही.' त्याच्या आधीच्या पानांवर लिटरला किलोमीटर 15, साडेचौदा, 15. त्याच्या पुढच्या पानांवर 12, साडेअकरा, 12. बाबांनी एका ठिकाणी आकड्याखाली दोन रेघा ओढून प्रश्नचिन्ह टाकलंय. ते प्रश्नचिन्ह बघून मला रडू आलं.

आपल्या हवेत लागत नाही! हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती गॅरेजांत किती जणांना ऐकवलं गेलं असेल. अरे, थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो. पाणी ठराविक अंशांपर्यंत तापेपर्यंत तो बंद राहतो, म्हणजे इंजिन लवकर गरम होऊन तिथेच टिकतं. काढून टाकला की रस्त्याला लागल्यावर इंजिन गारच राहतं, ईसीयूला वाटतं अजून गाडी तापलेली नाही, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. मायलेज पडतं, सिलिंडर लवकर झिजतो. रेडिएटर चोंदला होता, तो साफ करायचा सोडून त्या माणसाने एक भाग उचलून फेकून दिला. नवा थर्मोस्टॅट मला साडेचारशेला मिळाला. साडेचारशे रुपयांच्या वस्तूपायी बाबा पुढची सगळी वर्षं पेट्रोल जाळत राहिले आणि स्वतःच्या हिशोबावर शंका घेत राहिले.

हेड खोलून व्हॉल्व्ह घासून बसवले, गॅस्केट, मजुरी, साडेआठ हजार. बेल्ट आणि टेन्शनर अठ्ठावीसशे. सगळं धरून सव्वाबारा हजार. कंपनीचा फिल्टरचा डबा माळ्यावर होता तो परत लावला. 40 ते 80 आता सव्वानऊ सेकंद. जी ताकद मी विकत घ्यायला निघालो होतो ती गाडीतच होती, हलगर्जीपणाने गेली होती. मूळचे 85 परत आणणं हेच जुन्या गाडीचं स्वस्तातलं ट्यूनिंग आहे, पण त्यात दुकानदाराला कमिशन नाही, म्हणून कोणी सांगत नाही.

त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. म्हणजे टाकीतूनच सहा-सात टक्के गेले, आणि जुने रबरी पाइप बदलायचा खर्च वेगळा. तेही आम्हीच सोसायचं.

अजून संपलेलं नाही. फ्री फ्लो बसवताना त्या दुकानाने धुरातला विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला. मला न विचारता! पीयूसीला गेलो तेव्हा कळलं. सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, 0.5 टक्क्यांच्या आत हवा, माझा आला 2.1. मूळ रचना बदललेली गाडी चालत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये सांगितलेलं आहे, दंड झाला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार, तो भरणार मी, दुकानदार नाही. जुना कन्व्हर्टर परत मागायला गेलो तर म्हणाला, "भंगारात गेला सर, जुनाच होता." जुना? त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं! भंगारवाले त्याला रोख पैसे देतात, हे त्याला माहीत नाही असं तो मला सांगणार? माझ्या बाबांच्या गाडीचा भाग काढला, विकला, आणि काढायची मजुरीही माझ्याकडूनच घेतली.

तीनदा जाऊन आलो. पावती मागितली तर कच्च्या कागदावर लिहून दिली, तीही मी जपून ठेवली आहे, बाबांच्या डायरीत घालून. पीयूसीची मुदत 14 तारखेला संपते. उद्या सकाळी दुकान उघडायच्या वेळी मी परत तिथे उभा असणार आहे.